तापमापक – एक

लघुउद्योग नोंदणीचा अर्ज, सन १९८४. अर्जदार : काशीराम गोविंद मयेकर, वय पन्नास, राहणार रत्नागिरी. शिक्षण : चौथी. व्यवसाय : यंत्रदुरुस्ती. साधने : गॅसबत्ती – एक, ऐरण – एक, तापमापक – एक.

तडकलेल्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, जोड देणं हे शहाण्या कारखान्यांनी सोडलेलं काम. काशीराम ते चिऱ्यांच्या खड्ड्यात, करवंट्यांच्या निखाऱ्यांवर करी. बिडावर तांदळाचे चार दाणे टाकायचे, ते तपकिरी झाले की जोड द्यायला गॅसबत्ती पेटवायची. मग जोडलेला नग हळूहळू निवायला तुसाच्या राखेत पुरायचा; एकदम गार झालं की बीड पुन्हा तडकतं. तो बाहेर कधी काढायचा हे त्याची बायको मथुरा ठरवी. राखेत कोपरापर्यंत हात घालून ती नगावर तळवा टेकवी आणि म्हणे, "अजून नाही." काशीरामच्या तळव्याला तीस वर्षांत इतके चटके बसले होते, की त्याला गरम काय नि गार काय, सारखंच.

अर्ज केला त्या वर्षी, नारळी पौर्णिमेला, म्हणजे लाँची समुद्रात जायला, दोन दिवस उरले होते. केरू पावसकरच्या लाँचच्या इंजिनाचं हेड राखेत होतं, आणि नागपंचमीला गुहागरला माहेरी गेलेली मथुरा तिकडेच रमली होती.

"काशा, मेल्या, अंडी उबवतोस काय?" केरू तिसऱ्यांदा येऊन म्हणाला.

काशीरामने राखेत हात घातला. हात म्हणाला, गार. हात खोटं बोलतो हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने हेड काढून ओल्या जांभ्या दगडावर ठेवलं.

पौर्णिमेनंतर निघालेली लाँच किनाऱ्यापासून बारा मैलांवर बंद पडली. केरू आणि चार खलाशी दोन दिवस लाटांवर होते. शेवटी दुसऱ्या लाँचने ओढून आणलं.

केरू आला तो सुरमई घेऊन. "तुझा जोड शाबूत आहे रे. हेड जोडाशेजारी फुटलं. माझंच नशीब."

काशीराम "हो" म्हणाला. सुरमई शिजली. त्याने ताट बाजूला सारलं.

तोवर परतलेल्या मथुरेने विचारलं, "राखेत हात कोणी घातलान?"

"मी."

"तुमचा? तो हात की पाटा?"

सकाळी तो केरूकडे गेला. "हेड गरम होतं. मी आधीच काढलं."

केरूने जाळ्याची गाठ आवळली आणि म्हणाला, "पोरं दोन दिवस देवाचं नाव घेत होती. मी तुझं घेत होतो. म्हटलं, काशाने जोडलंय, फुटायचं नाही."

अर्ज मंजूर झाला. तापमापक तपासायला कोणी आलं नाही. मथुरा त्यानंतर श्रावणात माहेरी गेली नाही.