आईंच्या गोष्टी परत सांगताना

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या त्या घरात आम्ही बरीच वर्षं राहिलो, पण मला आठवण येते ती एकाच उन्हाळ्याची. आणि त्यातलाही बराचसा भाग मला आठवत नाही. तो मला सासूबाईंनी सांगितलेला आहे.

आधीच्या हिवाळ्यात मी मागच्या दाराने कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले आणि पायरीवर गोठलेल्या पाण्यावरून घसरले. डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशन, हॉस्पिटलमधले आठवडे, यातलं माझ्याकडे काहीच नाही. घरी आले तेव्हा दिसायला मी धडधाकट होते. चालत होते, हसत होते, कापलेले केस टोपीखाली लपवत होते. पण नवऱ्याला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. गॅस पेटवून विसरून जायचे. दुकानात दोन माणसं एकदम बोलायला लागली की मला रडू यायचं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि आता चार ओळींच्या ईमेलच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटलेली असायची.

नवऱ्याची रजा संपत आली तेव्हा नाशिकहून सासूबाई आल्या. मी त्यांना आई म्हणते, पण तोवर आमचं नातं बेताचंच होतं. फोनवर तब्येत, इथली थंडी, तिथला उकाडा, एवढंच. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. आल्या त्या दिवशीच त्यांनी पदर खोचून घर ताब्यात घेतलं. मला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळायचा.

दर आठवड्याला एक थेरपिस्ट घरी यायची. रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणं हे तिचं काम. शांत, उंच, नेहमी ओल्या छत्रीसकट येणारी बाई. तिने एकदा येऊन हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "आज नाश्ता कोण करणार?"

"मी," आई म्हणाल्या.

"नाही, त्या करतील," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"आणि भाजून घेतलं तर? मी काय नुसतं बघत बसू?"

मी इंग्रजीत सांगितलं तशी ती हसली. "हो, अगदी तेच करायचं. मी आहे ना इथे. त्यांची चूक त्यांच्या स्वतःच्या लक्षात आली पाहिजे."

आईंनी स्टूल ओढलं आणि खरोखरच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या.

मी पोहे करायला घेतले. तेलात मोहरी टाकली, मग कांदा चिरायचा राहिलाय हे लक्षात आलं म्हणून वळले, आणि मोहरी जळली. स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी सुरी धरून तशीच उभी. आई स्टुलावरून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

"थांबा. आधी फक्त बघा," थेरपिस्ट म्हणाली. "आत्ता काय चाललंय?"

मी बघितलं. गॅस बंद केला. खिडकी उघडली. दुसऱ्यांदा आधी कांदा चिरला, मग कढई ठेवली. पोहे झाले, पण हळद राहिली आणि मीठ दोनदा पडलं. थेरपिस्टने सगळी बशी संपवली आणि वर ती दोन ग्लास पाणी प्यायली. आई तिला इंग्रजीत म्हणाल्या, "सॉल्ट टू मच. बट शी मेड." तेव्हा मला कळलं की त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या.

दुपारी मला सक्तीची विश्रांती असायची. पुढच्या खोलीचे पडदे ओढून मी सोफ्यावर पडायचे, आई खाली गादीवर. थेरपिस्टने एक गृहपाठ दिला होता. कुणीतरी छोटा उतारा वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी मी तो आठवून सांगायचा. पहिला उतारा कुणा माणसाच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा होता. आईंनी तो अडखळत वाचला आणि कागद बाजूला ठेवला.

"या मशीनवाल्याचं आपल्याला काय करायचंय? त्यापेक्षा मी माझंच सांगते."

आणि त्या सांगायला लागल्या. सोबत कुणी जायचं यावरून भाऊ भांडले म्हणून एकट्या मुलाखतीला गेल्या ते. पहिल्या पगारातून आईसाठी चप्पल घेतली आणि ती एका नंबरने लहान निघाली ते. बाहेरगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून ओळीने बसलेल्या मुली, आणि कुणाच्या तरी घरी मुलगा झाल्याचं त्या घराच्या आधी ऑपरेटरलाच कळायचं ते. संध्याकाळी चहा घेताना मी सगळं परत सांगायचे. चप्पल भावासाठी व्हायची, मुलाची मुलगी व्हायची. आई डोळे पुसत हसायच्या. "अगं, माझं आयुष्य तू भलतीकडेच नेतेस!" मग दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सांगायच्या, जरा सावकाश.

जूनमधल्या एका दुपारी त्या गादीवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "तुला सांगायला बरं वाटतं. तू विसरतेस."

त्या नोकरीला लागल्या तेव्हा मनमाडच्या एक्स्चेंजवर एक ऑपरेटर होता. रोज लाइन जोडता जोडता दोन वाक्यं जास्तीची व्हायची. वर्षभर फक्त आवाज. मग एका रविवारी नाशिकच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. त्या गेल्या. तो ठरल्याप्रमाणे पलीकडे खांबाशी उभा होता, शेंगदाणे खात, प्रत्येक बाईकडे बघत. त्या रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या आणि मग घरी निघून आल्या.

"का?" मी विचारलं.

"भीती वाटली. दुसरं काही नाही. सोमवारी लाइनवर तोच होता. त्याने नंबर विचारला, मी सांगितला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं."

संध्याकाळी नेमकी थेरपिस्ट आलेली. "आज काय ऐकलंत?" तिने विचारलं. मी मराठीत सांगायला सुरुवात केली, आईंनी तपासावं म्हणून. मनमाड, रविवार, खांब, शेंगदाणे, सोमवारचा नंबर. ओळीने, एकही गोष्ट इकडची तिकडे न होता. अपघातानंतर पहिल्यांदाच.

आई कप हातात धरून बसल्या होत्या. थेरपिस्टने विचारलं, "बरोबर आहे?"

"ऑल करेक्ट," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "नेमकं हेच लक्षात ठेवायचं होतं का गं?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की त्या बाईला काही कळेना.

हे लिहू का, असं मी परवा त्यांना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "लिही. तो असला तर ऐंशीचा असेल. नाव मात्र घालू नकोस."

मी पहिल्यासारखी झाले नाही. कामावर परत गेले, पण कमी तासांवर, आणि एका वेळी एकच गोष्ट हातात घेऊन. रेडिओ चालू असला की अजून फोडणी जमत नाही. दुपारनंतर शब्द सापडेनासे होतात. आता आम्ही लंडनजवळ स्लाऊला असतो, आणि आईंचे गुडघे एवढा प्रवास करू देत नाहीत. फोनवर आम्ही पुष्कळ बोलतो, पण मध्येच नेटवर्क जातं, त्यांची सीरियल सुरू होते, माझी मीटिंग असते. पडदे ओढलेली ती खोली आणि खालून येणारा त्यांचा संथ आवाज, तसं पुन्हा झालं नाही.

त्या परत जाण्याच्या आधी आम्ही दोघी बसने शहरात गेलो होतो, त्यांना शेजारणींसाठी बिस्किटांचे डबे घ्यायचे होते. मी रस्ता दाखवायचा, असं ठरलं होतं. येताना डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. जरा वेळाने त्यांची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्या खरंच झोपल्या होत्या. एवढ्या महिन्यांत माझ्यासमोर त्या गाढ झोपल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी हललेसुद्धा नाही. शाळा गेली, पेट्रोल पंप गेला, चर्चचा कोपरा गेला. मी एकेक बघत राहिले. मग बेल दाबली आणि त्यांना हलवलं.

"आई, उठा. आपला स्टॉप आला."