हळदीच्या आधीचा फोटो

नानांचा पांढऱ्या रंगावर विश्वास नव्हता. बाकी जगावरही फारसा नव्हता, पण पांढऱ्यावर मुळीच नव्हता. आळेफाट्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कुणी पांढरीशुभ्र टोपी घालून समोर बसलं की ते डोळे बारीक करून विचारायचे, "पावणं, नीळ किती टाकली?" लोकांनी त्यांचं नाव तपासनीस ठेवलं होतं. नानांना ते ठाऊक होतं, आणि ते पहिल्यांदा कुणी ठेवलं असेल याबद्दल त्यांचा चार जणांवर संशय होता.

मी डिंगोऱ्याहून रोज त्यांच्याकडे कामाला जायची. रोलचे दिवस संपत आले होते, डिजिटल कॅमेरा नुकताच आला होता. कॉम्प्युटरवर फोटोचे रंग सुधारायचं काम माझ्याकडे होतं. लग्नाच्या मांडवाचं कापड लाल-पिवळं, त्याखाली सगळी माणसं नारिंगी दिसत. फोटोतल्या पांढऱ्या जागेवर क्लिक केलं की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात, एवढं मी शिकले होते. पहिल्याच लग्नात मी नवरीच्या बापाच्या टोपीवर क्लिक केलं आणि अख्खं वऱ्हाड पिवळंधमक झालं. नाना मागे उभेच होते. "टोपी निळी हाये, पोरी. निळ्याला पांढरं म्हणलीस, मग माणसं पिवळी पडायचीच."

त्यांचा भरवसा एकाच पांढऱ्यावर होता, आपल्या तंबाखूच्या चुन्यावर. "ह्यो मी सोता भिजवलाय. ह्यात भेसळ न्हाई." कुठल्याही कार्यात त्यांचा पहिला फोटो ठरलेला असे. नवरदेवाच्या गालाशी चुन्याची उघडी डबी धरायची आणि बटण दाबायचं. बायका कुजबुजत, म्हातारा करणी करतोय की काय. नाना लक्ष देत नसत. मी मग त्या चुन्यावर क्लिक करून सगळा अल्बम सुधारायची, आणि रंग खरंच नीट यायचे.

कॉम्प्युटरवर तर त्यांची करडी नजर. मी हात लावण्याआधी मूळ फोटो सीडीवर उतरवून ते ती कपाटात कुलूपबंद करायचे. "आपण जेवाया गेलो की हे मशीन काय करतंय, कुणाला ठावं?" माझं काम झालं की सीडी लावून एकेक फोटो ताडून बघायचे. मला भयंकर राग यायचा. मशीनचं नाव पुढे करून हे माझ्यावरच पाळत ठेवतात, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, ठेवतच होते.

मग माझ्या दादाचं लग्न झालं. वहिनी लोणी गावची. फोटो अर्थात नानांचे. अल्बम करताना दादा फारच पिवळा दिसत होता. हळदीचा रंग असेल, म्हणत मी ब्रशने त्याचा चेहरा उजळला, डोळेही पांढरे केले. दहा दिवसांनी नाना सीडी लावून बसले आणि हाक मारली.

"चुना पांढरा हाये, मागची भिंत पांढरी हाये. मंग तुज्या भावाचे डोळे पिवळे का?"

"हळद आहे, नाना."

"हळद लावायच्या आधीचा फोटू हाये ह्यो. आन् हळद डोळ्यात भरत्यात व्हय?"

मी उसळले. "फोटो तुमचा बिघडला आणि माझ्या भावाला आजारी ठरवता?" नानांनी भर दुपारी शटर ओढलं, मला लुनावर मागे बसवलं आणि डिंगोरं गाठलं.

दादा पडून होता. जेवण जात नव्हतं. लग्नाची दगदग, असं घरात चाललं होतं. नानांनी त्याला दारातल्या उजेडात आणून पापणी खाली ओढली आणि त्याच दिवशी नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. कावीळ होती, यकृताला सूज आलेली. आठवडाभर डॉक्टर काहीच खात्रीनं सांगेनात.

भेटायला येणाऱ्या बायकांना कारण सापडायला वेळ लागला नाही. "नवी सून आली आन् पोरगं अंथरुणाला लागलं." हळूहळू आईलाही ते पटायला लागलं. तिने वहिनीच्या हातचं पाणी घेणं बंद केलं आणि लेकीला घेऊन जा, असा लोणीला निरोप धाडला. हे नेणं परत आणण्यासाठी नव्हतं, ते वहिनीसकट सगळ्यांना कळत होतं. मी स्टुडिओत बसून रडले. नानांनी सगळं ऐकलं आणि कपाटाचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर हजर. हातात दादाचा तो फोटो, गालाशी डबी धरलेला. तो त्यांनी आईपुढे धरला.

"अक्का, कवाचा ह्यो?"

"हळदीच्या सकाळचा."

"तवा सून कुठं व्हती?"

"लोणीला, तिच्या घरी."

"मंग चुना बघा, आन् ह्याचे डोळे बघा."

आईने फोटो उजेडाकडे धरून बघितला. मग आत तोंड करून वहिनीला म्हणाली, "पाणी आण गं." लोणीहून वहिनीचे वडील आले, ते जेवून एकटेच परत गेले.

दादा दोन महिन्यांनी उभा राहिला. माझं उजळणं नानांनी तेव्हाच पुसून टाकलं होतं, अल्बम तसाच पडून होता. "आता काढ पिवळा," नाना म्हणाले. "आता त्यो त्याच्यात न्हाई राह्यला." मी सगळे फोटो स्वच्छ केले. अल्बम न्यायला आई आणि वहिनी आल्या. आई बाहेर बांगड्या बघायला थांबली, तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाली, "नाना, त्यो एक फोटो तसाच द्या मला."

जगाची उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाने तिला एक शब्द विचारला नाही. नवा प्रिंट काढला, मागे तारीख आणि वेळ लिहिली, सही केली, पाकिटात घातला. "जप. कुणाला देऊ नको. मी मागितला तरी देऊ नको."

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. आईचं शेवटचं दुखणं वहिनीनेच काढलं. तिच्या हातचं पाणी पिऊनच आई गेली. ते पाकीट मात्र वहिनीच्या पेटीत साड्यांखाली अजून आहे. मी एकदा बघितलं आणि झाकण लावून टाकलं. आमच्या घराची मला लाज वाटली, पण तिने ते टाकावं असं मला आजही वाटत नाही.