स्लीपरची ढांग

बामचा वास आला की तारनाक्याचं ते मैदान आठवतं. वर्षभर गुडघा धरून बसलो होतो आणि पुन्हा पळायचा हट्ट माझाच होता. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, "अंकल, लंब्या ढांगा नक्को, छोटी पावलं टाका." मी म्हटलं, "रेल्वेत जन्म गेला. रुळांखालच्या या स्लीपरवरून त्या स्लीपरवर, हीच माझी ढांग." "इथं रूळ कुठं आहेत, अंकल?" चिडून लहान पावलं टाकली, तर बाकावरून बायको म्हणाली, "नवी नवरी चालल्यागत दिसतंय." भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारीसुद्धा पुढं निघून गेली. गुडघा मात्र दुखला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. अजून तसाच पळतो. शेवटची एक ढांग तेवढी माझी टाकतो, म्हणून तर बाम लागतो.