परका वास

विश्व म्हणजे अखंड चाललेलं एक गणित आहे, ही कल्पना पुण्यात माझ्या डोक्यात शिरली; आणि एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट मी सहसा बाहेर जाऊ देत नाही. प्रत्येक कण फक्त शेजारच्या कणाकडे बघतो, ठरलेला नियम पाळतो, आणि त्यातूनच ढग, नद्या, माणसं होत जातात. मी दिवसभर संगणकाशी डोकं लावणारी बाई. मला हे पटलं नसतं तरच नवल.

गेल्या हिवाळ्यात मी गावी, चकलांब्याला गेले, तेव्हा आमची मेंढरं गावाबाहेरच्या रानात बसवली होती. कापूस निघालेला, पऱ्हाट्या उपटलेल्या. मी दुपारभर मेंढरांकडे बघत बसायची. त्यांच्यात पुढारी कुणीच नाही. एक मेंढरू शेजारचं बघून वळतं, त्याला बघून तिसरं, आणि बघता बघता अख्खा कळप बाभळीला वळसा घालून पाण्यासारखा पुढे सरकतो. धुळीत ऊन अडकलेलं असायचं. गोदावरीकडून गार वारा यायचा. डोळे अर्धवट मिटले की मेंढरं दिसेनाशी व्हायची आणि रानातून नुसता तो नियमच फिरताना दिसायचा. फार सुख वाटायचं मला. आपल्यालाही असंच कुणी हाकत नाही, आपणही आपोआप होत जातो, असं वाटून अंग हलकं व्हायचं.

काकीला हे सांगितलं की ती म्हणायची, "ऊन लागलं व्हय तुला?"

काकी म्हणजे माझी चुलती. तिनंच मला वाढवलं. मला जन्म देऊन आई गेली, आणि त्याच आठवड्यात काकीचं तान्हं बाळ गेलं. घरात एक लेकरू आईविना आणि एक आई लेकराविना. कुणा जाणत्या बाईनं मला उचलून काकीच्या मांडीवर ठेवलं. गावात अजून लोक कौतुकानं म्हणतात, देवानं कसं बरोबर जमवलं! मला ते कधीच गोड लागलं नाही. रिकाम्या जागेत बसेल असा तुकडा म्हणून मला तिथं बसवलं, असंच मला वाटत आलं होतं. हे मी काकीला कधी बोलले नव्हते.

एके दिवशी एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. कळपात दुसरं एक कोकरू होतं, त्याची आई आदल्या दिवशी मेली होती. काकीनं मेलेल्या कोकराच्या अंगावरची चिकट ओल दोन्ही हातांनी निपटली आणि त्या पोरक्या कोकराच्या पाठीला, डोक्याला, शेपटीला चोळली. मग ते मेंढीपुढे सोडलं. मेंढीनं आधी ढुशी दिली. मग हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिच्या घशातून बारीक घरघर निघाली आणि कोकरू शेपटी हलवत तिच्या कासेला लागलं.

मी उड्या मारायचीच बाकी होते. "बघ काकी! मी म्हणते ते हेच. वास आत गेला, दूध बाहेर आलं. माया वगैरे काही नाही, गणित आहे सगळं."

मी हसत बोलले खरी, पण आतून मला हसू येत नव्हतं. कोकरू चुरूचुरू पीत होतं. त्याच्याकडे बघता बघता तोंडातून निघून गेलं, "माझंपण असंच जमवलं ना गं?"

काकी कोरडी माती हाताला चोळून हात साफ करत होती. ती थांबली.

"कावून असं बोलतीस? त्या मेंढीला वाटतंय, आपलंच हाय. तिला मी फसवलं. मला कुणी फसवलं न्हवतं, बाई. तुझ्या अंगाला माझ्या लेकराचा वास न्हवता. परकाच वास व्हता. लई दिवस तोंड फिरवून पाजलं म्या तुला."

मी विचारलं, "मग पाजलंस कशाला?"

"तू रडत व्हतीस."

"एवढंच?"

"पयल्यांदा एवढंच." ती मेंढीकडे बघत राहिली. मग सहज, उद्याच्या चाऱ्याचं बोलावं तशी म्हणाली, "मग एके राती तू गाढ झोपलीवतीस आन् माझी चोळी भिजली. तवापासून तू रडायच्या आदीच मला जाग यायची."

प्रश्न यायच्या आधीच उत्तर तयार, असं गणित मी कुठं पाहिलेलं नाही. असेलही. मला त्या क्षणी ते शोधायचंच नव्हतं. मी इतक्या वर्षांची घोडी, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. काकीनं मातीच्या हातानंच माझं डोकं थोपटलं.

"आता रडू नको," ती म्हणाली. "दूध न्हाई ऱ्हायलं माझ्याकडं."