आधी पांढरं

छापखान्यात मी पत्रकांचा गठ्ठा बांधत होते तेव्हा दळवीकाकूंचा फोन आला. ‘गेले ग,’ एवढंच म्हणाल्या. गल्लीत आता ‘शेतात पाय घसरून पडले’ असं सांगतात. खोटं आहे. दळवीकाकांच्या डोक्यात लोखंडी सळई घातली गेली आणि तिसऱ्या दिवशी ते मेले. ‘दुःखद निधन’ वगैरे मी लिहिणार नाही.

काकांनी बडोद्याच्या रेल्वेत उभा जन्म सिग्नलचे दिवे तपासले. निवृत्तीनंतर तरसालीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी मातीचा रंग मोजायचं यंत्र केलं. प्लंबरकडे उरलेला पाइपचा तुकडा आतून काळा रंगवलेला, त्यात एक छोटा दिवा आणि नखाएवढा सेन्सर. मातीवर उपडं ठेवलं की तांबडा, हिरवा, निळा, असे तीन आकडे. माती दर वेळी सारखीच भिजवायची आणि तिच्याआधी यंत्राला बाथरूमची एक पांढरी टाइल दाखवायची, म्हणजे आकडे तिच्याशी ताडता येतात. काका मला म्हणायचे, ‘दिव्याचा काय भरवसा? आज जोरात, उद्या मंद. आधी पांढरं, मग तुझा राग.’

माझा राग खरा होता. शहराबाहेरच्या एका शेतात कुणीतरी टँकरने कारखान्याचा गाळ ओतत होतं, आणि तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेले की साहेब म्हणायचे, ‘माती तर आपल्याकडे काळीच असते, बेन.’ काळ्यातला काळा डोळ्यांना कळत नाही, म्हणून तर यंत्र! पण काका मलाच दटावायचे. ‘रंग म्हणजे विष नाही ग, पत्रकवाली. रंग सांगतो कुठे खणायचं. ती माती लॅबला पाठवू, मग छाप.’ मला ते ‘मग’ सहन झालं नाही. ‘रविवारी सकाळी मातीचा रंग मोजणार, सर्वांनी यावे.’ शेत, वार, वेळ, सगळं मी छापलं आणि खंडेराव मार्केटच्या दारात स्वतः वाटलं.

सर्वांनी यावे... आले चौघेच, सळया घेऊन. काका उकिडवे बसले होते, हातात टाइल. एकाने विचारलं, ‘शुं मापो छो, काका? कबर?’ मान वर न करता काकांनी त्याचाही रंग मोजून द्यायची तयारी दाखवली, ‘रंग मापुं छुं, भाई. तमारो पण मापी आपुं?’ पहिला घाव यंत्रावर बसला. दुसरा त्यांच्यावर. तो आवाज... मी एकाच्या मनगटाचा लचका तोडला, त्याने मला केसांना धरून बांधावर आपटलं. काका कोसळले ते टाइलवर. त्या चौघांना वाट मी दाखवली. माझ्या पत्रकाने.

पंचनाम्याला आलेल्या पोलिसाने रक्ताळलेली टाइल उलटसुलट करून माझ्याच हातात दिली. ‘लई जाव, बेन. बाथरूमनी छे.’ आमच्या चळवळीतली पोरं म्हणाली, या टाइलचा फोटो छापू, पेटेल सगळं. पेटावं असं मलाही वाटत होतं. त्या चौघांची डोकी फुटावीत असं आजही वाटतं. परवानगी मागायला काकूंकडे गेले. त्यांनी टाइल उजेडात धरली. ‘हिच्यावर मोजणार? ओरडतील हे.’ आणि घासणी पुढे केली. मी मोरीत बसून शिव्या देत घासत राहिले. पाणी तांबूस वाहिलं, मग नितळ. एका कोपऱ्यातल्या टवक्यात रेघ राहिलीच.

परवा गेलो आम्ही दोघी, कुणालाही न सांगता. काकांनी आधीच करून ठेवलेलं दुसरं यंत्र बरोबर होतं. शेत तेच. ओली माती दिसताच मी यंत्र तिच्यावर दाबायला गेले, तर हातावर सणसणीत चापट बसली. काकूंनी टाइल पुढे धरली होती.