पोर्चमधलं लॅटिन

"मॅडम, तुमी आत नका येऊ. मागं भांडी पडल्यात, तेवढी बघा."

चेअरमनसाहेबांच्या बायकोनं हे गोड बोलून सांगितलं. साहेबांचा वाढदिवस. आमच्या शाळेतल्या सगळ्या बाया आत गेल्या, पुऱ्या लाटायला. मी मागच्या मोरीवर. इतिहासात एम.ए. झालेली बाई, हातात घासणी. घासली मुकाट. कायम व्हायचं होतं ना मला.

संस्था त्यांची. मी तासावर शिकवायची. कायम कुणाला करायचं ते साहेबांच्या हातात. आणि आमच्याकडं एक रीत आहे. कायम व्हायचंय त्यानं रोज शाळेच्या आधी बंगल्यावर जायचं, पोर्चमध्ये उभं राहायचं. साहेब दात कोरत बाहेर येतात. सगळ्यांनी नमस्कार करायचा. मग चहा. बाकीच्यांना कपबशी, मला कागदी कप. आम्ही बौद्ध. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

घरी मी लॅटिन शिकत होते. हसू नका. नाणेघाटातून रोमचा माल जुन्नरला यायचा, हे मी पोरांना शिकवायची. म्हटलं, त्या लोकांचं त्यांच्याच भाषेत वाचावं. नवशिक्यांसाठी सोपे करून लिहिलेले धडे मोबाइलवर घेतले. रोमचं घर, रोमचा बाजार, रोमची जेवणं. आई भाकरी थापायची. मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, मग तिला मराठीत सांगायची. आईला लई आवडायचं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट आमच्या दोघींची होती.

हे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. पोर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मॅडम, लॅटिन शिकता म्हणं? त्यात पण सवलत हाय का तुमच्या लोकांना?"

सगळे हसले. माझ्या डब्यातली भाजी खाणारी बाईसुद्धा हसली. आणि मीही हसले. अंगाची नुसती आग होत होती, तरी हसले.

संध्याकाळी पुढचा धडा उघडला. रोममधली साधी माणसं दिवस उगवायच्या आत श्रीमंताच्या दारात जातात. दार उघडेपर्यंत ताटकळतात. मालक दिसला की नमस्कार घालतात. त्याच्या मर्जीनं टोपलीभर खायला मिळतं. ही गुलाम नव्हेत. मोकळी माणसं. आपल्या पायांनी जातात, रोज. आईला मराठीत सांगताना मी त्या दाराला पोर्च म्हणून गेले.

आई म्हणाली, "आन न्हाई गेली तर काय व्हतंय त्यांचं?"

धड्यात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेले नाही. नंतरही नाही. काय होणार? जे व्हायचं तेच झालं. नव्या वेळापत्रकात माझे तास नाहीत. हेडमास्तर म्हणाले, "जरा नमतं घ्यायचं ना मॅडम." माझ्या जागी दुसरी आली. तीही पोर्चमध्ये उभी असते. माझ्यामुळं कुणी जायचं थांबलं नाही, एक जण पण नाही. आळेफाट्याकडच्या एका संस्थेत विचारून आले. तिथंही बंगला आहे, तिथंही सकाळी गर्दी असते.

काल सकाळी आई चपला घालत होती.

"कुठं निघालीस?"

"बंगल्यावं. थोडे दिस भांडी घासते बाईंची. तुझं कायतरी बघतील. माझं काय जातंय?"

मी तिच्या पायातल्या चपला काढून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

"तुझंच जातंय आई. सगळं तुझंच जातंय."

तिला स्पष्ट सांगितलं. ह्या भागात मला आता कुणी मास्तरीण करणार नाही. आशा धरू नकोस. टोमॅटो तोडायला जाऊ, कांदा काढायला जाऊ. पण त्या पोर्चमध्ये मी उभी राहणार नाही, आणि तुला राहू देणार नाही.

आईला पटलं नव्हतं. डोळे पुसून पिठाचा डबा उघडला. मी तिची वाट अडवून उंबऱ्यात बसले, शाळेची घंटा होईपर्यंत उठले नाही. आजही बसले, उद्याही बसेन. ती बंगल्याचं नाव काढायचं सोडत नाही तोवर रोज बसेन.