दुखरा गुडघा आणि अर्धी दाढी

बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि नेमका हुकमी खेळाडूचा गुडघा सुजला. न्हावीदादांच्या दुकानात त्यावरून रण पेटलं.

"लंगडत का होईना, त्यानं खेळलंच पाहिजे!" खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ओरडलं.

"गुडघा आहे तो, दाराची बिजागरी नव्हे!" वस्तरा हवेत धरून दादा कडाडले. "बसवा त्याला बाकावर!"

केर काढणारी दादांची बायको थबकली. "आणि तुम्ही वर्षभर गुडघ्याला पट्टा आवळून उभे आहात, ते?"

दादांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या जागी कोण उतरणार?"

तिनं हात धुतले आणि वस्तरा काढून घेतला. "लग्नाआधी वडिलांच्या दुकानात दाढ्या कोण करत होतं, विसरलात? बसा बाकावर."